तिसरी चौकट

संत्र्याच्या बागा ताणावर टाकल्या की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. पौषातल्या सकाळी मी सौंसरच्या स्टँडवरून गाडी धरते, बोरगाव मागे पडतं, खिडकीतून बागा दिसायला लागतात आणि शाळा येईस्तोवर माझ्या कपाळावर आठी बसलेली असते. आमचे हे म्हणतात, थंडीनं होत असेल. मी काही सांगत बसत नाही. थंडी मला आवडते. थंडीत वर्गातल्या पोरांच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास असतो, वह्यांच्या कोपऱ्यांवर पिवळे डाग पडलेले असतात, कोणीतरी हळूच साल पिळून शेजाऱ्याच्या डोळ्यात उडवतं आणि रडारड होते. ते सगळं मला हवं आहे. त्या तहानलेल्या, पानं वळलेल्या, गप्प उभ्या बागा तेवढ्या नको आहेत.

ताण म्हणजे काय, ते आमच्याकडच्या दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं. आधीच्या फळांची तोड संपली की बागेचं पाणी बंद करायचं. महिना, दीड महिना, जमीन असेल तसं. विहिरीत पाणी असतं, मोटार चालू असते, शेजारच्या गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी जातं, पण संत्र्याला थेंब नाही. माती फुटते. दुपारी पानं आतल्या बाजूनं वळतात, विडा बांधायला घेतल्यासारखी. बाहेरचा माणूस बघून हळहळतो. शेतकरी मात्र हात मागे बांधून त्या झाडांमधून फिरतो आणि पाणी देत नाही, कारण असं तहानलेलं ठेवलं तरच झाड पुढे पाणी मिळताच फुलांनी भरतं. मधेच कोणी पाणी दिलं तर झाड फुलायचं सोडून पानं काढतं. कोवळी, चकचकीत, पोपटी पानं. त्याला आमच्याकडे नवती म्हणतात. दिसायला ती इतकी देखणी असते की फोटो काढावासा वाटतो. त्या झाडाला त्या बहाराचं फळ काही धरत नाही.

असा एक फोटो आहे. गेल्या आठवड्यात पांढुर्ण्याला आमचं प्रशिक्षण होतं, तिथे तो पडद्यावर आला. मागे हिरवीगार बाग, पुढे दोन वेण्या घातलेली एक मुलगी, तिच्या हातात प्लॅस्टिकची छोटी डबी. खाली हिंदीत लिहिलेलं होतं की संगणकशास्त्र शेतापर्यंत पोचलं. हॉलभर टाळ्या पडल्या. माझे हात शालीत होते, ते मी शालीतच ठेवले. शेजारी पांढुर्ण्याच्या कुंदा मॅडम बसल्या होत्या, आमची बरीच वर्षांची ओळख. त्यांनी कोपरानं ढोसलं, "तुमच्याच शाळेची पोट्टी ना वो हे?"

"हो," मी म्हटलं.

लहान मुलांना संगणक शिकवायला माझा विरोध नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर मला जुन्या वळणाची बाई म्हणून मोकळे होतील. शिकवा, जरूर शिकवा. माझा राग आहे तो त्या 'जोडून शिकवा'वर. संगणक वेगळा शिकवायला तास नाही, शिक्षक नाही आणि यंत्रही नाही. आमच्या शाळेत एक संगणक आहे, तो ऑफिसात फुलाफुलांच्या कापडाखाली असतो आणि त्याच्यावर हेडमास्तरांचा टिफिन असतो. म्हणून वरून असं ठरलं की संगणक बाकीच्या विषयांत कालवायचा. कवितेचं ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, तर तो लूप. सूर्यनमस्कार ओळीनं करतात, तर तो अल्गोरिदम. पोहे आधी भिजवायचे की आधी फोडणी टाकायची, तोही अल्गोरिदम. पहिल्याच प्रशिक्षणात हे ऐकून कुंदा मॅडम माझ्या कानाशी लागल्या होत्या, "आता शेळीले बी कोडिंग शिकवाचं का जी?" आम्ही दोघी पदराआड हसलो होतो. मी पुढे काय करणार आहे हे मला तेव्हा ठाऊक असतं तर माझं हसू तिथेच आटलं असतं.

कारण मी ते सगळं केलं, आणि तेही उत्साहानं. माझी कविता लूप झाली. माझ्या वर्गातले सूर्यनमस्कार अल्गोरिदम झाले. आपण काहीतरी नवं करतो आहोत असं मला वाटत होतं आणि त्याहून खरं सांगायचं तर आपण नवं करतो आहोत हे वरच्यांना दिसावं असं वाटत होतं. नोकरीत इतकी वर्षं झाली की माणूस मुलांच्या तोंडाकडे कमी आणि दाराकडे जास्त बघायला लागतो, कोणी तपासायला आलं का म्हणून. मी अशी नव्हते. झाले.

ती डबी तेव्हाच, तीन वर्षांपूर्वी, आली. तिला दोन लांब खिळे होते, आत एक सेल होता, वर दोन इवले दिवे. खिळे मातीत खुपसायचे. ओल असली की हिरवा दिवा, कोरडं असलं की लाल. तिच्याबरोबर एक छापील धडा होता, पर्यावरण आणि संगणक जोडलेला. त्यात दोन चौकटींचा फ्लोचार्ट होता. पहिल्या चौकटीत प्रश्न: माती कोरडी आहे का? तिथून 'हो'चा बाण दुसऱ्या चौकटीकडे जायचा: पाणी द्या. 'नाही'चा बाण फिरून परत प्रश्नाकडे यायचा. धड्याच्या पानापानावर लिहिलं होतं की मुलांच्या परिसराशी जोडा. ज्यानं लिहिलं त्यानं आमचा परिसर पाहिला नव्हता हे त्याला माफ आहे. मी तर रोज त्याच परिसरातून गाडीनं येत होते.

बागा ताणावर पडून तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी प्रशिक्षक सर स्वतः धडा बघायला आले आणि मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. मोठ्या शहरातले, हिंदी बोलणारे, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, स्वभावानं वाईट नाहीत. त्यांनी सुरुवातीलाच मुलांना डबी दाखवून सांगितलं, "मशीन झूठ नहीं बोलती." मुलांना ते फार आवडलं. एकानं कुंडीत खिळे खुपसले, लाल. दुसऱ्यानं पाणी ओतलं, हिरवा. वर्गात जत्रा भरल्यासारखा आनंद झाला. मग मी मुलांना फ्लोचार्ट वहीत काढायला सांगितला आणि रांगांमधून फिरायला लागले.

वैष्णवी पाचवीत होती. गजाननभाऊंची मुलगी. गावाच्या पलीकडे नाल्याला लागून त्यांची बाग आहे आणि रोज शाळा सुटली की ती दप्तर टाकून बापामागे बागेत जायची. एकदा सहलीत तिनं मला रस्त्याकडेच्या एका बागेतलं झाड दाखवून सांगितलं होतं, "मॅडम, हे झाड डिंक्यानं मरून राहिलं." मी बघितलं तर बुंध्यातून खरंच डिंक गळत होता. इतकी तिची नजर होती. वर्गात मात्र ती कमी बोलायची, अक्षर मोठं काढायची आणि खोडरबर सतत हरवायची.

तिच्या वहीत तीन चौकटी होत्या. सगळ्यांत वर तिनं आपली एक जास्तीची काढली होती आणि आत लिहिलं होतं: ताण चालू आहे का? तिथून एक बाण बाजूला गेला होता: हो, तर पाणी देऊ नका. दुसरा बाण खाली पुस्तकातल्या प्रश्नाकडे आला होता. नाही, तर माती पाहा.

मला ते बघताक्षणी कळलं. हे मी आज कोणापासून लपवत नाही. मला कळलं की पोरीनं बरोबर लिहिलंय, पुस्तकापेक्षा बरोबर. एवढंच काय, त्या अख्ख्या प्रशिक्षणात आम्हाला जे शिकवायला सांगत होते, ते तिनं केलं होतं. दोन गोष्टी जोडल्या होत्या. आधी कुठला प्रश्न विचारायचा आणि मग कुठला, हे ठरवणं म्हणजेच तर ते शास्त्र, आणि ते तिनं बापाच्या बागेतून उचलून आणलं होतं. पण मागे सर बसले होते. त्यांच्या हातात तपासणीचा कागद होता, त्यात दोन चौकटींचं चित्र छापलेलं होतं. मी लाल पेन काढलं आणि तिची वरची चौकट खोडली.

"हे प्रश्नात दिलेलं नाही," मी म्हटलं.

"पण मॅडम, ताण हाये ना जी आता," ती म्हणाली. "बाबा आता पाणी नाही देत."

"डबी काय म्हणते ते बघायचं."

"डबी लालच दाखवते ना मॅडम, ताण असल्यावर. मंग बी बाबा देत नाही."

सरांनी मागून मान वर केली. काय चाललंय असं त्यांनी नजरेनं विचारलं. मला घाई झाली. मी हसून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं, "का गं, तुझे बाबा मशीनपेक्षा शहाणे आहेत का?"

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि मी खोडलेल्या चौकटीवर तिनं आपल्या पेन्सिलीनं आणखी दोन रेघा मारल्या. मग खाली, नीट पट्टी लावून, पुस्तकातल्या दोन चौकटी काढल्या. मी त्यावर बरोबरची खूण केली.

इतक्या वर्षांत मी मुलांना काय काय बोलले असेन. कोणाला गाढव म्हटलं असेल, कोणाला बाकावर उभं केलं असेल, ते मुलंही विसरली आणि मीही. हे एक वाक्य मात्र मला भांडी घासताना आठवतं, गाडीत तिकीट काढताना आठवतं, आणि दर वेळी आठवतं ते हसणं. लेकराच्या बापाला त्याच्याच लेकरासमोर मी हसण्यावारी नेलं होतं, तेही एका तपासणीच्या कागदासाठी.

घरचा अभ्यास म्हणून मी डब्या वाटल्या होत्या. तीन ठिकाणची माती तपासायची, दिवा कुठला लागला ते लिहायचं आणि फ्लोचार्टप्रमाणे वागायचं. 'केलेली कृती' असा रकानाच होता त्या तक्त्यात. शनिवारी शाळा लवकर सुटली. गजाननभाऊ आणि वहिनी पाहुण्यांना घेऊन जामसांवलीला दर्शनाला गेले होते. वैष्णवी काकूच्या घरी जेवली आणि डबी घेऊन बागेत गेली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, पण ते माझ्या डोळ्यांसमोर सलग दिसतं. ती एका झाडाखाली बसते. खिळे खुपसते. लाल. दुसऱ्या झाडाखाली बसते. लाल. तिसऱ्याखालीही लाल. तिन्ही रकान्यांत ती मोठ्या अक्षरात लाल लिहिते. मग पुढचा रकाना येतो. विहिरीपाशी बागेच्या पाण्याचा जो व्हॉल्व्ह आहे, त्याला ताणाच्या दिवसांत गजाननभाऊ एक चिंधी करकचून बांधून ठेवतात, म्हणजे हरभऱ्याला पाणी देताना घाईत कोणाचा हात त्याच्यावर जाऊ नये. तिनं ती चिंधी सोडली. दातांनी सोडली असणार, कारण गाठ पक्की असते. त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. तिनं स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि खालच्या पट्ट्यातल्या सगळ्या झाडांच्या बुडाशी ठिबकमधून पाणी पडायला लागलं. लाईट जाईपर्यंत पडत राहिलं.

तिला माहीत नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. लहान पोर, तिला काय कळतं, असं म्हटलं की आपण सुटतो. पण तिला सगळं माहीत होतं. चिंधी कशासाठी आहे, हे माहीत असल्याशिवाय ती सोडता येत नाही. तिनं आपलं माहीत असणं बाजूला ठेवलं, कारण तसं करायचं असतं हे मी तिला शिकवलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं पक्कं शिकलेलं मूल मी दुसरं पाहिलं नाही.

सोमवारी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. गरम चहा होता, खिडकीतून ऊन येत होतं, मी भराभर खुणा करत होते. वैष्णवीच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: पाणी दिले. मी त्याच्यापुढे चांदणी काढली आणि 'छान' लिहिलं. मग पुढची वही उचलली. मधल्या सुट्टीत एक मुलगी येऊन म्हणाली, "मॅडम, वैष्णवीले तिच्या बाबानं लय मारलं. तिनं ताण तोडला ना."

मी गठ्ठ्यातून ती वही पुन्हा काढली. चांदणी लाल शाईची होती. ती खोडता येत नव्हती, आणि खोडूनही काय झालं असतं.

त्याच दिवशी मी गजाननभाऊंकडे जायला हवं होतं. शाळेपासून त्यांचं घर दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. आधी म्हटलं, ते रागात असतील. मग म्हटलं, बघू, झाडं सावरतील कदाचित. मग हेडमास्तरांकडून कळलं की नवं काही करणाऱ्या शिक्षकांच्या यादीत माझं नाव वर पाठवलंय, आणि मग मी काहीच म्हटलं नाही. वैष्णवी रोज शाळेत येत होती. गालावरचा वळ चार दिवसांत गेला. विचारलं तेवढं बोलायची. फक्त शाळा सुटल्यावर ती धावत सुटायची तशी आता सुटत नव्हती. वर्ग झाडायला थांबायची, फळा पुसायची, उगाच खडू गोळा करायची. घरी जायची घाई उरली नव्हती. मुलांकडूनच कळलं की बापानं तिला बागेत पाय ठेवायला मनाई केली आहे.

माघात बागांना पाणी सुटलं आणि पंधरा-वीस दिवसांत आमच्या भागाचा तो एकच आठवडा आला, ज्याच्यासाठी मी बदली मागितली नाही कधी. सौंसर सोडलं की गाडीत वास शिरतो. संत्र्याच्या फुलाचा वास. कंडक्टरही बोलायचा थांबतो. माणसं खिडक्या बंद करत नाहीत, गारठा असला तरी. शाळेच्या मैदानावर तो वास दुपारपर्यंत असतो, मुलांच्या डोक्यातून येतो, पोषण आहाराच्या डाळीतून येतो. त्या वर्षीही आला. गावाच्या तिन्ही बाजूंनी बागा पांढऱ्या झाल्या होत्या. नाल्याकडच्या बाजूला गजाननभाऊंचा खालचा पट्टा मात्र हिरवा होता. नुसता हिरवा, नव्या कोवळ्या पानांनी लखलखणारा. वाऱ्यानं हलला की डोळे निवावेत असा. गावातली माणसं तिकडून जाताना मान वळवून घेत.

आणि नेमके तेव्हा सर फोटो काढायला आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की एका मुलीनं डबी वापरून बागेला पाणी दिलं. ते खरंच होतं. त्यांनी दोन्ही पट्टे पाहिले, पांढरा आणि हिरवा, आणि त्यांना हिरवा आवडला. "वाह, क्या हरियाली है!" असं म्हणत ते त्या झाडांमध्ये शिरले. गजाननभाऊ विहिरीपाशी उभे होते. साहेब आलेत म्हणून त्यांनी अंगावर धुतलेला सदरा घातला होता. वैष्णवीला बोलावून आणलं गेलं. महिन्यानंतर ती पहिल्यांदा बागेत पाय ठेवत होती आणि तोही साहेबांनी सांगितलं म्हणून. सरांनी तिच्या हातात डबी दिली, हसायला सांगितलं. ती हसली नाही. फोटोत ती हसल्यासारखी दिसते, ते उन्हामुळे.

"आपकी बेटी ने तो कमाल कर दिया," सर गजाननभाऊंना म्हणाले.

"हाव साहेब," गजाननभाऊ म्हणाले. "कमालच केली पोट्टीनं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावर त्यांचा राग असेल म्हणून नव्हे. त्यांना माझं काही माहीतच नव्हतं. त्यांच्या मते पोरीनं बिनडोकपणा केला होता आणि मॅडम बिचाऱ्या चांगल्या होत्या. ते मला सोसेना. चार दिवसांनी, दुपारी, मी तिची वही घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

ते ठिबकच्या नळ्या साफ करत बसले होते. मी वही उघडून दिली. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, वही धरली, आणि बोट ठेवून ठेवून वाचलं, खोडलेल्या रेघांच्या मधून.

"हे तिनं लिवलं व्हतं?"

"हो. मी खोडलं. ती सांगत होती ताण आहे म्हणून, मी ऐकलं नाही. वर्गात सगळ्यांसमोर तिला हसले. ती चुकली नव्हती, भाऊ. माझी चूक आहे."

त्यांनी त्या खोडलेल्या चौकटीवरून एकदा अंगठा फिरवला.

"मले वाटलं, पोट्टीले इतकी वर्षं संगं फिरवलं अन् तिच्या डोक्यात काहीच नाही शिरलं," ते म्हणाले. मग वर पाहिलं. "तुमाले केव्हापासून माहीत व्हतं हे?"

"सोमवारपासून."

"कोनत्या सोमवारपासून?"

"पहिल्याच."

"मी महिनाभर तिच्यासंगं बोललो नाही, मॅडम. एका घरात राहून." आवाज चढला नव्हता. "झाडाचं काय, थे मृगात फुलतीन. नाहीतर पुढच्या साली फुलतीन."

वहिनी आतून चहाचा कप घेऊन आल्या. गजाननभाऊंनी हातानंच थांबवलं. "राहू दे. मॅडमले घाई हाये," ते म्हणाले. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला चहाविना पाठवत नाहीत. मी पदर सावरला. मला खरोखरच घाई असल्यासारखी मी तिथून निघाले.

फाटकाशी पोचले तेव्हा मागे त्यांनी हाक मारलेली ऐकू आली. "वैष्णे, ये वैष्णे! चाल, बागेत चक्कर मारू."

आतून उत्तर आलं, "मी अभ्यास करून राहिली, बाबा."

त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. मी फाटकाची कडी लावत होते, ती मला लवकर लागेना.

दोन विषय जोडायचे असतील तर दोघांनाही तोंड असायला हवं, असं मी प्रशिक्षणात उठून बोलणार आहे, दर वर्षी ठरवते. संगणक बोलणार आणि शेती ऐकणार, संगणक बोलणार आणि कविता ऐकणार, याला जोडणं म्हणत नाहीत. शेतीनं मधेच हात वर केला आणि म्हणाली की तुमचा पहिला प्रश्नच चुकला आहे, तर त्या यंत्राला गप्प बसता यायला हवं. यंत्राचं सोडा, शिकवणाऱ्या बाईला गप्प बसता यायला हवं. एवढं बोलायला दोन मिनिटं पुरतात. गेल्या आठवड्यात मला संधी होती, फोटो समोरच होता, सरांनी विचारलंही की कोणाला काही सांगायचं आहे का. मी घसा साफ केला, इतकंच. त्या यादीमुळे मिळालेलं प्रमाणपत्र माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. मी ते फेकलेलंही नाही, हेही लिहून ठेवते.

वैष्णवी आता आठवीत आहे, सौंसरच्या शाळेत जाते. माझ्या उलट दिशेच्या गाडीनं. कधी बोरगावला दोन्ही गाड्या समोरासमोर थांबतात, तेव्हा ती खिडकीत दिसते. नमस्कार करते. हुशार आहे असं तिथल्या मॅडम सांगतात. फार आज्ञाधारक, उलट प्रश्न म्हणून नाही. त्या हे कौतुकानं सांगतात. मी ऐकून घेते आणि दुसरा विषय काढते.

तिची पाचवीची परीक्षा तेवढी सांगायची राहिली. पाचवीचे पेपर बाहेरून येतात आणि तपासायलाही बाहेर जातात, आम्ही फक्त वर्गात फिरायचं. पर्यावरणाचा पेपर होता. उन्हाळा लागला होता, पंखा बंद होता, मुलं घामेजून लिहीत होती. वैष्णवीनं हात वर केला. मी जवळ गेले. तिनं प्रश्नावर पेन्सिल टेकवली: झाडांना पाणी केव्हा द्यावे?

"मॅडम," तिनं विचारलं, "पुस्तकातलं लिहू का खरं लिहू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पट्टी आणली नाही, शेजारचीची घेऊ का, असं विचारावं तितक्या साधेपणानं ती विचारत होती. आजूबाजूची चार डोकी वर झाली. ह्या वेळी कोणी हसलं नाही. पेपर कोण तपासणार मला माहीत नव्हतं. त्याच्याकडे छापील उत्तर असणार, हे माहीत होतं. खरं लिहिलं तर तिचे गुण जाणार, हेही माहीत होतं. ती मान वर करून थांबली होती.

"पुस्तकातलं लिही," मी म्हटलं.

"हाव जी," ती म्हणाली आणि लिहायला लागली. पर्यावरणात तिला पैकीच्या पैकी मिळाले.